टीसीपी कनेक्शन जोडताना: सॉकेट, बाइंड, कनेक्ट आणि नेमकं कुठे अडतं

उदाहरण एकच धरून चालू. नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात वजनकाट्याशेजारी एक लिनक्स संगणक ठेवलाय. काट्यावर गाडी आली की वजनाची नोंद बर्डीच्या ऑफिसातल्या सर्व्हरकडे जायला हवी. काट्याचा संगणक क्लायंट, ऑफिसातला सर्व्हर. मधली वाहतूक टीसीपीची (माहिती क्रमाने, न गळता पोचवायची पद्धत) आणि टीसीपीशी बोलायची खिडकी म्हणजे सॉकेट इंटरफेस. १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून तो बाहेर पडला आणि आज लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच चालतो. खालची फंक्शनची नावं सी भाषेतली आहेत. पायथॉनच्या सॉकेट मॉड्यूलमध्येही हीच नावं याच क्रमाने येतात.

कोड चाळीसेक ओळींचा आहे. दिवस जातात ते कनेक्शन का जुळत नाही हे शोधण्यात. ‘कनेक्ट होत नाहीये’ एवढ्या माहितीवर कुणालाच काही सापडत नाही. म्हणून प्रत्येक कॉलने काय परत दिलं ते तपासा, आणि उणे १ आलं तर एररनोचा (चुकीचा क्रमांक जिथे ठेवला जातो त्याचा) आकडा तिथल्या तिथे एका व्हेरिएबलमध्ये काढून घ्या. मध्ये एखादा प्रिंटएफ जरी केला तरी तो आकडा बदलू शकतो.

कोड लिहिण्याआधी

पहिला प्रश्न: काट्याकडून ऑफिसपर्यंत वाट आहे का? दोन्ही संगणक एकाच राउटरवर असतील तर काही अडचण नाही. पण कळमना आणि बर्डी ही दोन वेगळी इंटरनेट कनेक्शनं आहेत. ऑफिसच्या राउटरच्या पानावर जाऊन त्याचा बाहेरचा, म्हणजे वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा वेळी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या ठरावीक मशीनकडे वळवणं) कितीही नीट केलं तरी बाहेरून आत येता येणार नाही, कारण दार तुमच्या राउटरच्याही पलीकडे बंद आहे. सोपे उपाय दोन: स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्या, नाहीतर क्लाउडवर छोटा सर्व्हर भाड्याने घ्या आणि काटा व ऑफिस दोघांनाही बाहेर त्याच्याकडे कनेक्ट करू द्या. बाहेर जाणारं कनेक्शन जवळजवळ कुठूनही लागतं.

दुसरा प्रश्न पोर्टचा, म्हणजे मशीनवरचा नेमका प्रोग्राम ओळखायच्या क्रमांकाचा. १०२४ च्या खालच्या पोर्टवर बसायला लिनक्समध्ये खास अधिकार लागतो. नसेल तर एरर १३. वरच्या बाजूलाही एक मर्यादा आहे, जी बरेच जण पाळत नाहीत. ३२७६८ ते ६०९९९ हा पट्टा लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी वापरतो. तुमचा सर्व्हर या पट्ट्यातल्या पोर्टवर ठेवला तर कधीतरी सर्व्हर सुरू होण्याआधीच ते पोर्ट दुसऱ्या कुणाच्या कनेक्शनला गेलेलं असेल. त्याहून विचित्र प्रकार असा: सर्व्हर बंद आहे आणि त्याच मशीनवरचा क्लायंट त्या पोर्टवर सारखा कनेक्ट करतोय. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) योगायोगाने क्लायंटलाही तेच पोर्ट दिलं की क्लायंट स्वतःलाच जोडला जातो, आणि आपणच पाठवलेलं आपल्यालाच परत येऊ लागतं. आपण ७०७० घेऊ.

सर्व्हरची बाजू

सॉकेट हा कॉल एएफ-आयनेट (आयपीव्ही४), सॉक-स्ट्रीम (टीसीपीसारखा प्रवाह) आणि ० या तीन गोष्टी घेतो आणि एक पूर्णांक परत देतो. या क्षणी नेटवर्कवर काहीही घडलेलं नसतं. कर्नलने फक्त एक वही उघडलेली असते.

लगेच पुढे, बाइंडच्या (सॉकेटला पत्ता आणि पोर्ट देणाऱ्या कॉलच्या) आधी, सेट-सॉक-ऑप्ट वापरून एसओ-रीयूजॲडर चालू करा. हे का? जी बाजू कनेक्शन आधी बंद करते तिच्याकडे ते टाइम-वेट अवस्थेत राहतं, लिनक्सवर ६० सेकंद. रस्त्यात रेंगाळलेलं जुनं पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून ही सोय आहे. पण त्यामुळे सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की बाइंड एरर ९८ देतो: पत्ता वापरात आहे. मिनिटभराने आपोआप चालतं, म्हणून लोक ‘कधी होतं, कधी नाही’ म्हणतात. बाइंडनंतर हा पर्याय लावून उपयोग नाही. विंडोजवर याच नावाच्या पर्यायाचा अर्थ वेगळा आहे. तिथे दुसरा प्रोग्राम तुमच्या चालू पोर्टवर येऊन बसू शकतो, म्हणून विंडोजवर एसओ-एक्सक्लुझिव्हॲडरयूज वापरा.

आता बाइंड. पत्त्याची रचना आधी पूर्ण शून्य करून घ्या, मग फॅमिली, पोर्ट आणि पत्ता भरा. पोर्ट एच-टॉन्समधून काढायचं. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो आणि आपल्या इंटेल किंवा एएमडी मशीनमध्ये छोटा आधी असतो. हे विसरलात तर एरर येत नाही, सगळं सुरळीत चाललंय असं दिसतं; फक्त सर्व्हर ७०७० ऐवजी ४०४७५ वर बसलेला असतो. ‘मी तर ७०७० दिलं होतं’ म्हणणाऱ्याने एकदा ऐकणाऱ्या पोर्टची यादी बघावी. आणि क्लायंट व सर्व्हर दोघांनीही एच-टॉन्स गाळलं असेल तर दोघं ४०४७५ वर गुपचूप भेटतात. चूक बाहेर येते ती फायरवॉलमध्ये ७०७० उघडल्यावर.

पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ लिहिलं तर सर्व्हर फक्त त्याच मशीनवरच्या प्रोग्रामना दिसतो. ०.०.०.० लिहिलं तर मशीनच्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर. प्रोजेक्ट लॅपटॉपवर चालतो आणि सादरीकरणाच्या दिवशी मित्राच्या लॅपटॉपवरून चालत नाही, याचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच. आयपीव्ही६ ही हवं असेल तर एएफ-आयनेट६ चं सॉकेट उघडून दुहेरी विसर्गावर (::, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर) बाइंड करा. लिनक्सवर तेच सॉकेट आयपीव्ही४ सुद्धा घेतं. विंडोजवर त्यासाठी आयपीव्ही६-व्ही६ओन्ली हा पर्याय स्वतः बंद करावा लागतो.

लिसन आणि ॲक्सेप्ट यांच्यातला फरक मात्र थांबून समजून घेण्यासारखा आहे. तर्री पोह्यांच्या गाडीवर सकाळी जशी गर्दी असते तसं बघा. गल्ल्यावरचा माणूस पैसे घेऊन टोकन देत जातो, प्लेट भरणारा वेगळा असतो. टोकन मिळालं की गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सौदा झाला, प्लेट अजून भरायची असली तरी. टीसीपीत टोकन देणारा कर्नल आहे. क्लायंटचा सिन, त्याला सिन-ॲक, त्यावर ॲक अशी तीन पॅकेटांची देवाणघेवाण कर्नल तुमच्या प्रोग्रामला न विचारता उरकतो आणि तयार कनेक्शन रांगेत लावतो. ॲक्सेप्ट फक्त रांगेतलं पहिलं कनेक्शन उचलून देतो. म्हणून तुमचा प्रोग्राम अडकून पडला असला तरी क्लायंटचा कनेक्ट यशस्वी होतो. ‘कनेक्ट झालं पण उत्तर नाही’ असं कळलं की नेटवर्कला दोष देऊ नका, सर्व्हरचा ॲक्सेप्टचा लूप बघा.

लिसनला दिलेला आकडा म्हणजे या रांगेची लांबी. तुम्ही कितीही मोठा द्या, कर्नल त्याला सोमॅक्सकॉन या मर्यादेवर छाटतो, लिनक्सच्या ५.४ आवृत्तीपासून ती मुळात ४०९६ असते, त्याआधी १२८ होती. रांग भरली की लिनक्स नवीन सिन चक्क टाकून देतो, नकारही कळवत नाही. क्लायंट १ सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग आणखी २ सेकंदांनी. त्यामुळे कनेक्ट एरवी झटकन होतो आणि मध्येच कधी नेमका १ किंवा ३ सेकंद घेतो. असे आकडे दिसले की एसएस ही सॉकेटांची यादी दाखवणारी आज्ञा एल, टी, एन या पर्यायांसह चालवा. ऐकणाऱ्या सॉकेटच्या ओळीत रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता रांगेत किती, आणि सेंड-क्यू म्हणजे रांगेची मर्यादा.

ॲक्सेप्ट प्रत्येक क्लायंटसाठी नवं सॉकेट देतो. मूळ सॉकेट फक्त ऐकत राहतं. बोलणं नव्यावर करायचं आणि काम झालं की नवं बंद करायचं. ते बंद करायचं राहिलं तर उघड्या फाइलींची मर्यादा, बऱ्याच लिनक्सवर १०२४, हळूहळू गाठली जाते आणि ॲक्सेप्ट एरर २४ देऊ लागतो. त्या वेळी रांगेत कनेक्शन तसंच पडून असतं, लूप लगेच पुन्हा ॲक्सेप्ट करतो, पुन्हा २४, आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. मे महिन्यात कूलरसमोर बसूनही लॅपटॉपचा पंखा बोंबलत असेल तर एकदा हेही तपासा.

क्लायंटची बाजू

सर्व्हरचं नाव गेट-ॲडर-इन्फोला द्या, तो नावावरून पत्ते शोधतो. तो एक पत्ता देत नाही, यादी देतो. यादीतल्या प्रत्येक पत्त्यासाठी नवं सॉकेट उघडा, कनेक्ट करा. नाही जमलं तर ते सॉकेट बंद करा आणि पुढचा पत्ता घ्या. कनेक्ट फसलेलं सॉकेट पुन्हा वापरू नका, त्याची अवस्था काय असेल याची पॉझिक्स हे युनिक्सचं मानक हमी देत नाही. फक्त पहिला पत्ता वापरणारा कोड ‘लोकलहोस्ट’ वर हमखास पडतो: यादीत आधी आयपीव्ही६ चा पत्ता येतो आणि सर्व्हर १२७.०.०.१ वर बसलेला असतो.

नाव न देता आकडी पत्ता इनेट-पीटॉनने बदलत असाल तर एक सापळा आहे. चुकीच्या पत्त्यावर तो उणे १ नाही, ० परत देतो. तपासणी ‘शून्यापेक्षा कमी’ अशी असेल तर चूक निसटते, रचनेत शून्यंच राहतात, आणि लिनक्सवर ०.०.०.० ला केलेला कनेक्ट आपल्याच मशीनकडे जातो. कॉन्फिग फाइलमध्ये पत्त्याच्या शेवटी एक स्पेस राहिली तरी हे घडतं. परतावा बरोबर १ आहे का, तेवढंच तपासा.

कनेक्टची स्वतःची मुदत फार लांब आहे. लिनक्स सिन सहा वेळा पुन्हा पाठवतो आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतो: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, म्हणजे एकूण १२७ सेकंद. अगदी नव्या कर्नलमध्ये मधले टप्पे बदलले आहेत, पण बेरीज दोन मिनिटांच्या वरच राहते. काट्यावर गाडी उभी असताना एवढं थांबणं परवडत नाही. ५ सेकंदांची मुदत अशी लावा: सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा, कनेक्ट बोलवा, एरर ११५ येईल, ती अपयशाची नाही, ‘काम चालू आहे’ एवढाच तिचा अर्थ. मग पोलने ५००० मिलिसेकंद लिहिण्याजोगं होण्याची वाट बघा. पोलने होकार दिला म्हणजे कनेक्शन झालं असं धरू नका, कारण अपयश आलं तरी पोल होकारच देतो. गेट-सॉक-ऑप्टने एसओ-एरर वाचा. ० असेल तरच जुळलं. पायथॉनमध्ये हे सगळं सेट-टाइमआउट या एका ओळीत होतं. आणि ब्लॉकिंग कनेक्ट एखाद्या सिग्नलमुळे मध्येच तुटला, म्हणजे एरर ४, तर पुन्हा कनेक्ट बोलवू नका. आत जोडणी चालूच असते. वरच्यासारखाच पोल लावा.

आकडा काय सांगतो

१११, म्हणजे नकार: पॅकेट त्या मशीनपर्यंत पोचलं आणि तिथून स्पष्ट ‘नाही’ आलं. ही खरं तर चांगली बातमी आहे, कारण पत्ता आणि रस्ता दोन्ही बरोबर आहेत. सर्व्हर बंद आहे, दुसऱ्या पोर्टवर आहे किंवा १२७.०.०.१ वर बसलाय. क्वचित मधली फायरवॉलही नकार कळवते. विंडोजवर याचा आकडा १००६१.

११०, म्हणजे मुदत संपली: कुणीच काही बोललं नाही. फायरवॉल पॅकेट गिळतेय, पोर्ट फॉरवर्डिंग नाही, पत्ता चुकलाय किंवा मशीन बंद आहे. विंडोजवर १००६०. विंडोजने तुमच्या वायफायला ‘सार्वजनिक’ नेटवर्क ठरवलं असेल तर आत येणारं कनेक्शन त्याची फायरवॉल मुळातच अडवते. हॉस्टेल आणि कॉलेजच्या वायफायवर आणखी एक कारण असतं. एकाच वायफायवरच्या दोन लॅपटॉपना एकमेकांशी बोलू न देण्याची सोय राउटरमध्ये असते आणि अशा ठिकाणी ती बहुधा चालू ठेवतात. दोघांना इंटरनेट मिळतं, पण एकमेकांचं पिंगसुद्धा लागत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. तिथे चाललं तर तुमचा कोड बरोबर आहे.

११३ आणि १०१: पहिल्यात त्या मशीनपर्यंत पोचता येत नाही, दुसऱ्यात त्या नेटवर्कला जायचा रस्ताच माहीत नाही. स्वतःच्या मशीनची केबल, वायफाय, गेटवे बघा. एकाच लॅनवरचं यंत्र बंद असेल तर काही सेकंदांत ११३ येतो, १२७ सेकंद थांबावं लागत नाही. पण काही फायरवॉली नकार याच आकड्याने कळवतात, म्हणून पिंग लागत असताना ११३ आला तर समोरची फायरवॉल तपासा.

९९ हा क्लायंटवर आला तर बाहेर जायची पोर्टं संपली आहेत. ३२७६८ ते ६०९९९ म्हणजे २८,२३२ पोर्टं. प्रत्येक बंद कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेटमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हर-पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० च्या वर नवी कनेक्शनं सलग टिकत नाहीत. काट्याला ही वेळ कधीच येणार नाही. लोड टेस्ट करणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत येते. बाइंडवर ९९ आला तर अर्थ वेगळा: जो पत्ता मागितलाय तो या मशीनचा नाहीच. राउटरचा सार्वजनिक पत्ता बाइंडमध्ये लिहिणाऱ्यांना हाच भेटतो.

जुळल्यावर

टीसीपी हा बाइट्सचा प्रवाह आहे, निरोपांच्या पाकिटांचा गठ्ठा नाही. एका सेंडमध्ये पाठवलेलं दोन रिसीव्हमध्ये येऊ शकतं आणि दोन सेंडचं एका रिसीव्हमध्ये. प्रत्येक नोंदीच्या आधी चार बाइटमध्ये तिची लांबी पाठवा आणि तेवढे बाइट मिळेपर्यंत रिसीव्ह लूपमध्ये ठेवा. रिसीव्हने ० दिलं म्हणजे समोरच्याने पाठवणं संपवलं. सेंडला एमएसजी-नोसिग्नल हा झेंडा लावा, नाहीतर तुटलेल्या कनेक्शनवर लिहिताच सिगपाइप सिग्नल येऊन प्रोग्राम काहीही न सांगता संपतो.

सेंड यशस्वी झाला याचा अर्थ बाइट कर्नलच्या बफरमध्ये गेले, एवढाच. ऑफिसला नोंद मिळाली का, हे त्यातून कळत नाही. म्हणून प्रत्येक वजनाला अनुक्रमांक द्या, सर्व्हरने डिस्कवर लिहून झाल्यावर तो क्रमांक परत पाठवावा, आणि तो आला नाही तर काट्याने त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवावं. क्रमांक आधीच असेल तर सर्व्हर दुसरी नोंद करणार नाही, फक्त पोच देईल. हे नसेल तर महिनाअखेर एखाद्या गाडीचं वजन दोनदा लागतं.

आता यार्डातली नेहमीची गोष्ट: लाइन गेली. काट्याचा संगणक असा अचानक बंद पडला की तो निरोपाचं फिन पॅकेट पाठवत नाही. सर्व्हरला कनेक्शन चालूच वाटतं आणि रिसीव्ह अनंत काळ बसून राहतो. एसओ-कीपअलाइव्ह चालू केलं तरी लिनक्सची मूळ मुदत ७२०० सेकंद, म्हणजे पहिली चाचपणीच दोन तासांनी. ती बदला: टीसीपी-कीपआयडल ६०, टीसीपी-कीपइंटव्हल १०, टीसीपी-कीपसीएनटी ५. मेलेलं कनेक्शन साधारण ११० सेकंदांत सापडेल. मधल्या राउटरची शांत कनेक्शन विसरून जायची खोडही बहुधा यानेच आवरते.

अर्थात काट्यासाठी कनेक्शन कायम उघडं ठेवायची गरज आहे का? दर काही मिनिटांनी एक गाडी येत असेल तर प्रत्येक नोंदीला नवं कनेक्शन उघडा, पाठवा, पोच घ्या, बंद करा. खर्च एका फेरीचा. सर्व्हर मुंबईच्या क्लाउडमध्ये ठेवलात तरी हिशेब बघा: समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाहीत, मधले राउटरही वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्षात याच्या काही पट धरा. टीएलएस १.३ (कनेक्शन कूटबद्ध करणारा थर) लावलं, आणि इंटरनेटवरून जाणाऱ्या वजनाला ते लावायलाच हवं, तर आणखी एक फेरी. काट्यावरच्या माणसाला यातलं काही जाणवत नाही. सेकंदाला शेकडो नोंदी असतील तेव्हाच उघड्या कनेक्शनची भानगड पत्करा.

जुन्या सोलारिस किंवा सिस्टिम फाइव्हवरचा कोड हाती आला तर त्यात सॉकेटऐवजी टीएलआय (ट्रान्सपोर्ट लेयर इंटरफेस, त्याच कामाची वेगळी खिडकी) दिसू शकेल. सगळी नावं टी-अंडरस्कोरने सुरू होतात. टी-ओपन म्हणजे आपलं सॉकेट, टी-कनेक्ट म्हणजे कनेक्ट. फसवतो तो टी-लिसन. रांगेची लांबी तिथे टी-बाइंडलाच क्यू-लेन म्हणून देतात, आणि टी-लिसन येणाऱ्या विनंतीची वाट बघत थांबतो. ती टी-ॲक्सेप्टने स्वीकारताना नवं टोक आधी स्वतः टी-ओपनने उघडून द्यायचं असतं. टीलुक ही एरर आली तर टी-लुक बोलवून कोणती घटना वाट अडवून बसलीय ते विचारायचं. नवीन काम यात सुरू करण्याचं काही कारण नाही.

तपासणीचा क्रम

सर्व्हरच्या मशीनवर आधी एसएसने बघा की ७०७० च्या पुढे ऐकण्याची अवस्था आणि योग्य पत्ता दिसतोय का. मग त्याच मशीनवरून नेटकॅटने (हाताने कनेक्शन जोडून बघायच्या आज्ञेने) १२७.०.०.१ वर जोडा. मग त्याच मशीनवरून तिच्या लॅनच्या पत्त्यावर; इथे नकार आला तर बाइंड चुकलंय. मग लॅनवरच्या दुसऱ्या मशीनवरून. इथे मुदत संपली तर फायरवॉल. बाहेरून तपासायचं ते मोबाइल डेटावरून, ऑफिसच्या वायफायवरून नाही. बरेच राउटर स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर आतून आलेलं पॅकेट परत फिरवत नाहीत, त्यामुळे चालणारी गोष्टही बंद वाटते.

एवढ्याने कळलं नाही तर सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी आज्ञा) ७०७० साठी लावा आणि काट्यावरून एकदा कनेक्ट करा. सिन दिसलाच नाही तर अडचण वाटेत आहे. सिन आला आणि आरएसटी (नकाराचं पॅकेट) गेलं तर त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही. सिन पुन्हा पुन्हा येतोय आणि उत्तर काहीच जात नाही, तर मशीनची फायरवॉल किंवा भरलेली रांग. आणि सिन-ॲक जातोय पण ॲक येत नाही, तर परतीची वाट बघा: सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड असली की उत्तर कधीकधी दुसऱ्याच दाराने बाहेर पडतं.